टिकलीखालचं नाव

कोपरी, ठाणे (पूर्व)
रविवार

प्रिय रसू,

पत्र बघून दचकू नकोस, घरी सगळं ठीक आहे. फोनवर हा विषय निघाला की तू "आई, नंतर बोलू" म्हणतेस आणि ठेवून देतेस, म्हणून शेवटी कागद घेतला. सिनेमातल्या हेरांना येतो तसा हा निरोप वाचून झाल्यावर आपोआप पेट घेणार नाही, तेव्हा बस शांतपणे आणि शेवटपर्यंत वाच.

यंदाचा मसाला फर्मास झालाय. बाबा शिंकून शिंकून हैराण. डब्या मात्र अजून संपत नाहीत बघ. लग्नात पाहुण्यांना द्यायला केलेल्या त्या स्टीलच्या डब्या, झाकणावर तुझं नाव आणि खाली त्या मुलाचं. आठ दिवसांवर लग्न असताना त्या लोकांनी नकार कळवला, मी आतल्या खोलीत रडत बसले आणि तूच येऊन म्हणालीस, "आई, डब्या कशाला वाया घालवायच्या? मसाला भर." तेव्हापासून त्याच्या नावावर टिकली चिकटवायची आणि डबी विकायची, असं चाललंय. एप्रिलमध्ये एक बाई आल्या होत्या मसाल्याला. डोळ्यांवर काळा गॉगल, ऑपरेशन झालंय म्हणाल्या. डबी हातात घेऊन विचारलं, "ही रसिका कोण हो?" झालं, मिरच्यांची देठं काढता काढता मी साखरपुड्यापासून सगळं सांगून मोकळी. दुसऱ्या दिवशी डबा घेऊन तू कशी कामावर गेलीस, तेही सांगितलं. बाई चांगल्या होत्या, मधेमधे देठंही काढत होत्या.

असो. मुद्द्याची गोष्ट अशी की परवा तुझी आई हेर झाली होती. हसू नकोस! दर शनिवारी तुला शेजारी बसवून हिंदीत बोलणारे परदेशी हेर कोणी दाखवले? माझा अभ्यास दांडगा आहे. परदेशी हेर कडक इस्त्रीचा कोट घालून येतो आणि ज्याच्यापासून लपायचं त्यालाच आपलं खरं नाव सांगतो. त्यापेक्षा मालिकांमधले आपल्याकडचे हेर बरे. बॉम्ब शोधण्याच्या नादात दूध आणायचं विसरतात आणि बायकोची बोलणी खातात. पण इतकं बघूनही एक गोष्ट माझ्या लक्षात आली नव्हती. या लोकांना जन्मात कोणी "गाव कुठलं?" असं विचारत नाही.

एप्रिलअखेरीस सर्वेशचं स्थळ आलं तेव्हा तुम्ही दोघंच आधी तलावपाळीला भेटलात, एकमेकांना आवडलात, आईबापांचा नंबर नंतर. ठीक आहे, काळ बदललाय. पण मुलीच्या आईने चार माणसांत चौकशीसुद्धा करायची नाही म्हणजे काय? त्यात तू पुण्याला परत गेल्यापासून गप्प. मागच्या आठवड्यात एकदाच म्हणालीस, "आधीचं त्यांना कळलं तर?" तो प्रश्न माझ्या डोक्यातून जाईना. ज्या मुलीने हसत डब्यांत मसाला भरायला लावला, ती आता घाबरते म्हणजे हा मुलगा तिला खरंच आवडलाय, एवढं मला कळतं गं. म्हटलं, घर कसं आहे ते आपणच बघून येऊ.

बाबांना सांगितलं, कल्याणला साडी बघायला जाते. तुझा जुना पंजाबी ड्रेस घातला, गॉगल चढवला आणि टिटवाळ्याला सर्वेशच्या इमारतीच्या गेटवर जाऊन उभी राहिले. भाड्याने घर बघायला आलेय, असं सोंग. वॉचमनने नाव विचारलं, मी ठणकावून सांगितलं, क्षिप्रा. तो माझ्याकडे बघतच राहिला. "बोलण्यावरना आमच्याकडच्या वाटतास. गाव खंयचा?" रसू, नाव खोटं सांगता येतं गं, गाव नाही सांगता येत. तोंडातून देवगड निघून गेलं. मग वाडी कुठली, घर कुठलं, आणि त्याची आत्या आमच्याच वाडीत दिलेली निघाली. राघो त्याचं नाव. पाच मिनिटांत खऱ्या नावासकट माझी सगळी कुंडली त्याच्या हातात! वर म्हणतो कसा, रिकाम्या घराची चावी सेक्रेटरीबाईंकडे असते, चला. आता मागे कशी फिरणार? त्याने तिसऱ्या मजल्यावरची बेल वाजवली आणि दार उघडताच ओरडला, "मॅडम, आमच्या गावच्या नंदावयनी इल्यात!"

दारात त्याच मसाल्याच्या बाई. पाटीवर सर्वेशच्या बाबांचं नाव. त्यांनी माझ्या गॉगलकडे बघितलं आणि म्हणाल्या, "तुमचंही ऑपरेशन झालं वाटतं?" मग आम्ही दोघी दाराला धरून इतक्या हसलो की राघो घाबरून पाणी आणायला धावला. सिनेमात हेर मुलगी सून होऊन शत्रूच्या घरात शिरते, इथे सासूच आधी येऊन मिरच्या निवडून गेली होती.

भावनाताई त्यांचं नाव. स्वयंपाकघरात फळीवर आपली डबी होती, टिकली तशीच. त्यांनीच विषय काढला. म्हणाल्या, "रसिकाचं नाव कानावर आलं म्हणून आधी मीच घर बघायला आले होते. तुमच्याकडून निघाले आणि घरी येऊन ह्यांना सांगितलं, आजच फोन करा, ही मुलगी हातची जायला नको." टिकलीखाली कोणाचं नाव आहे ते त्यांनी आजवर बघितलेलं नाही. "वरचं नाव पुरे होतं मला," म्हणाल्या. रसू, त्यांच्या ओट्याशी उभी राहून मी रडले, आणि फार बरं वाटलं.

हे पत्र त्यासाठी. सर्वेशला त्यांनी यातलं काहीच सांगितलेलं नाही. ते रसिकाचं आहे, तिला वाटेल तेव्हा ती सांगेल, असं त्यांचं म्हणणं. पुढच्या रविवारी तो पुण्याला येतोय ना? सोबत एक डबी पाठवतेय. त्याला जेवायला बोलाव, काळ्या वाटाण्याची उसळ कर आणि डबी ताटाशेजारी ठेव. आईवर गेला असेल तर विचारेलच, ही टिकली कसली? मग सांग सगळं, न घाबरता. त्या घरात तू आधीच पसंत आहेस, सगळं माहीत असून.

तुझीच,
पहिल्याच कामगिरीत पकडली गेलेली
आई