गोळीवाल्याचा बोर्ड आणि माझे चौदा तारे

२ फेब्रुवारी
आजपासून रोजनिशी. कारण, युद्ध. समोरच्या औषधवाल्याने (यापुढे उल्लेख फक्त गोळीवाला असा होईल) मी हाताने रंगवलेला बोर्ड उतरवून एलईडीचा बोर्ड लावला. माझा बोर्ड एकवीस वर्षं ऊनपाऊस खात होता, एक काना उडाला नव्हता. म्हणाला, काका, वाईट वाटून घेऊ नका, जमाना बदलला. वर जुना बोर्ड परत देऊ का म्हणून विचारलं. मी म्हटलं, ठेव, खोक्यांवर झाकायला होईल. रागाने जेवलो नाही. नंतर जेवलो.

४ फेब्रुवारी
लेकीने मोबाइलवरून वाचून दाखवलं. फालतू उजेडामुळे तारे दिसेनासे होतात, पक्षी वाट चुकतात, किडे मरतात. याला प्रकाश-प्रदूषण म्हणतात. ऐकून फार वाईट वाटलं. खरं सांगायचं तर आधी बरं वाटलं, मग वाईट वाटलं.
गोळीवाल्याशी माझं वैयक्तिक भांडण नाही. प्रश्न आकाशाचा आहे.
ठराव: रोज साडेआठला गच्चीवर जायचं. पाण्याच्या दोन टाक्यांच्या मधल्या पट्टीतले तारे मोजायचे. आकडा वहीत. डोकं शांत ठेवायचं.
आजचा आकडा १४.

५ फेब्रुवारी
शेजाऱ्याच्या व्हरांड्यातल्या दिव्यावरून त्याच्याशी वाजलं. डोकं शांत ठेवायचा ठराव सोमवारपासून.

९ फेब्रुवारी
तारे ११. पाच दिवसांत तीन तारे गिळले गोळीवाल्याने. लेकही शेजारी उभी राहून मोजत होती, तिचे बेचाळीस भरले. कॉलेजची मुलं काहीही मोजतात. शिवाय तिला मोहिमेत उत्साह आहे, उत्साहात आकडा फुगतो. वहीत माझाच लिहिला.

१२ फेब्रुवारी
शाळेचं काम आलं. बारा वर्गांच्या पाट्या. मुख्याध्यापिका बाई म्हणाल्या, या नीट झाल्या तर प्रयोगशाळा, ऑफिस, फाटक सगळं तुमच्याकडेच. आता गावात माझ्याकडे राहिलेलं हे एकच मोठं गिऱ्हाईक. बाकी सगळे एलईडीला फितूर.
बायकोने डोळ्यांच्या डॉक्टरची चिठ्ठी हातात दिली. म्हणे शिंप्याच्या पाटीवरच्या ओळी उतरणीला लागल्यात, एकदा दाखवून या. तीस वर्षं नुसत्या नजरेने ओळ धरतोय, पट्टी लावत नाही. चिठ्ठीचा कागद जाड आहे. या वहीत खूण म्हणून छान बसला.

१५ फेब्रुवारी
रंगकामाच्या शेडमध्ये साठचा बल्ब काढून शंभरचा लावला. कामाचा उजेड आणि फालतू उजेड यांत फरक असतो. हे जगाला समजावून सांगायला हवं.
तारे ९.

२० फेब्रुवारी
नगरपालिकेत अर्ज दिला. लेकीने टाइप केला, मी सांगितला. तिने ‘निर्लज्ज’, ‘आकाशचोर’ आणि ‘गल्लीचा शत्रू’ हे शब्द काढून टाकले. वाद घातला, ऐकेना. सोबत तारे मोजल्याच्या नोंदीची नक्कल जोडली. विज्ञान आपल्या बाजूला आहे.
खिडकीवरच्या क्लार्कने विचारलं, काका, गल्लीतला नेमका कुठला दिवा? मी म्हटलं, सगळ्या गल्लीची तपासणी करा, एकही सोडू नका. त्याने तसं लिहून घेतलं. मी करारी दिसत असणार.

२४ फेब्रुवारी
मोहिमेसाठी स्वतः फलक रंगवला. ‘दिव्याखाली अंधार’. गोळीवाल्याच्या बरोब्बर समोर टांगला. रस्त्याने जाणारे थांबून मान तिरकी करून वाचतात. विचार करायला लागले की माणसाची मान तिरकी होते.

१ मार्च
गोळीवाला घरी आला होता. मी शेडमध्येच थांबलो, शत्रूला तोंड दाखवत नसतो. बायकोशी पाऊण तास बोलला. ती म्हणाली, त्याने बोर्डावर झाकण बसवलं, उजेड निम्मा केला, नऊला आपोआप बंद व्हायची सोयही केली. खिडकीतून पाहिलं. कालच्यापेक्षा भडक. प्रत्येक अक्षराभोवती कडं, कड्याभोवती आणखी एक कडं. बायको भोळी आहे, कोणीही गंडवतं.
तिने आणखी कशाकशाबद्दल बोलणं झालं हे सांगायला घेतलं होतं. मी म्हटलं, त्या माणसाचं नाव या घरात नको.

६ मार्च
शंभरचा बल्ब गेला. दोनशेचा लावला. तारे ६. चंद्र दोन दिसले. प्रदूषित हवेत उजेड परत फिरतो, त्यातला प्रकार. नोंद केली.

१० मार्च
शाळेने पाट्या परत पाठवल्या. बाराच्या बारा. शिपाई म्हणाला, बाई म्हणतात, मुलं हसतात. सहावीच्या पाटीवरचा सहा म्हणे पार कोपऱ्यात जाऊन बसलाय. पाट्या भिंतीला ओळीने लावून पाहिल्या. मला एकही चूक सापडली नाही. रंग सुकत असताना समोरून गोळीवाल्याचा उजेड पडतो, त्याने अक्षरं हलत असावीत. बायको हळूच म्हणाली, नाचता येईना अंगण वाकडं. लग्नाला सव्वीस वर्षं झाली, पहिल्यांदा मला तिचा राग आला नाही, भीती वाटली. का ते कळलं नाही. विषय बंद.
बाईंकडून पंधरवडा मागून घेतला.

११ मार्च
इलेक्ट्रिशियनला बोलावून शेडच्या छपरावर हॅलोजन बसवला. मोठा, क्रिकेटच्या मैदानावर असतो तसला. छपराचा पत्रा काढून प्लास्टिक टाकलंय, त्यातून प्रकाश खाली येतो. इलेक्ट्रिशियन म्हणाला, काका, खाली येतो तेवढाच वरही जातोय. मी म्हटलं, तू वायरिंग बघ.
आता ब्रश दिसतो. थोडा.

१५ मार्च
तारे ३. अत्याचाराची हद्द झाली. लेक म्हणाली, बाबा, आज मलाही गच्चीवरून कमी दिसले, एक अकराच. बघा, शेवटी पटलं पोरीला. पण ती गोळीवाल्याकडे बघायचं सोडून आमच्या शेडकडे बघत होती.

२० मार्च
विजयाचा दिवस. नगरपालिकेचे तपासणी साहेब संध्याकाळी साडेसातला मीटर घेऊन आले. मी त्यांना हाताला धरून गोळीवाल्याच्या बोर्डासमोर उभं केलं. साहेब म्हणाले, हा का? मी म्हटलं, हाच तो नराधम. लेक माझी बाही ओढत होती. मग साहेब आपणहून आमच्या शेडकडे वळले. दारात थांबून त्यांनी फाइल कपाळाशी धरली. मला तो सलाम वाटला. शेड कोणाची म्हणाले. मी छाती काढून सांगितलं, माझी. त्यांनी बराच वेळ लिहिलं. कलावंताच्या परिस्थितीबद्दल असणार.
गोळीवाला दुकानाच्या पायरीवर उभा होता. मनातून टरकला असणार.

२६ मार्च
शाळेच्या पाट्या पुन्हा रंगवून नेऊन दिल्या. बाईंनी चहा पाजला. फार गोड बोलल्या. पाट्या ठेवून घेतल्या, पण लावू म्हणाल्या नाहीत. प्रयोगशाळेचा विषय त्यांनी काढला नाही. मीही काढला नाही.

२९ मार्च, रात्री ८
नगरपालिकेचं पाकीट आलं. माझ्या नावाने. आभाराचं पत्र असणार म्हणून बायकोला बाहेर बोलावून उघडलं. सरकारी छपाई अगदी फिकी. शेडमध्ये नेलं, हॅलोजन लावला, कागद नाकाला टेकवला. ‘विषय’ एवढं लागलं. पुढे मुंग्या.
लेकीला हाक मारली. तिने डोळ्यांवर हात धरून वाचलं. आपल्या अर्जानुसार गल्लीतल्या सर्व दिव्यांची तपासणी केली. औषधाच्या दुकानाचा बोर्ड नियमात बसतो. गल्लीतला सर्वांत प्रखर, विनाझाकणाचा व थेट आकाशात जाणारा दिवा अर्जदाराच्या शेडवर आहे. सात दिवसांत उतरवावा.
मी म्हटलं, पुन्हा वाच. तिने पुन्हा वाचलं. तेच निघालं.
हॅलोजन बंद केला. तिघंही अंगणात उभे राहिलो. लेक म्हणाली, बाबा, वर बघा, किती आलेत. मी वर बघितलं. बराच वेळ. मग म्हटलं, चौदा. बायकोने माझा दंड धरला आणि पायरी आहे म्हणाली. ही पायरी मी स्वतः बांधलेली आहे.
एकही नव्हता. वहीत खोटा आकडा लिहीत नाही, म्हणून लिहितो. ०.

त्याच दिवशी, रात्री ९
डॉक्टरची चिठ्ठी कुठे आहे म्हणून बायकोला विचारलं. तुमच्याच वहीत, म्हणाली. होती. खरंच जाड कागद. औषधाच्या खोक्याचा पुठ्ठा कापलेला. वाचायला तिच्याकडे दिला. तिने वाचलं: डॉक्टर माझ्या ओळखीचे आहेत, काकांना लवकर घेऊन या, उशीर नको, मी सोबत येतो. खाली सही गोळीवाल्याची. फेब्रुवारीतली.
उद्या दहाला जायचं ठरलं. तो दुकान बंद ठेवून येणार आहे. मी नको म्हटलं नाही.
पुठ्ठा परत घेऊन डोळ्यांजवळ धरला. म्हटलं, काय हे अक्षर, प्रत्येक ओळ वाकडी. बायको म्हणाली, सरळ आहे हो.