रोज घेता ना?

डॉक्टर,

रागात लिहितेय, तेव्हा नमस्कार-बिमस्कार राहू दे.

माझ्या धाकट्या बहिणीच्या डाव्या अंगावरून वारं गेलं. तुम्ही म्हणालात, "एवढी भारी औषधं चालू असताना असं झालंच कसं?" मी सांगते.

तुमची प्रेशरची गोळी महाग, म्हणून ती दिवसाआड घ्यायची. तुम्ही विचारायचात, "रोज घेता ना?" ती म्हणायची, "हो." प्रेशर काही उतरेना, तशी तुम्ही आणखी भारी गोळी लिहिलीत. ती आणखी महाग, मग ही दोन दिवस सोडून घ्यायला लागली. तुम्ही चढवत गेलात, ती पुरवत गेली. परवडतं का, एवढं काही तुम्ही विचारलं नाहीत.

गेल्या आठवड्यात तिच्या उशीखाली उरलेल्या दोन-चार गोळ्या सापडल्या. मी ओरडले, "अगं, स्वस्तातली लिहा म्हणून सांगायला काय झालं होतं?"

वाकड्या तोंडानं म्हणाली, "अक्का, एवढ्या माणसांदेखत?"

आम्हा दोघींना तुम्ही एकच गोळी लिहिलीय, ते बरं झालं. उशीखालच्या संपल्या, दोन पाकिटं आणणं जमत नाही, म्हणून माझ्याच पाकिटातली तिला रोज भरवते. मला काही उरत नाही. सोमवारी तुम्ही माझ्या दंडाला पट्टा आवळाल, कपाळाला आठ्या घालाल आणि विचाराल, "रोज घेता ना?" दार उघडंच असेल, बाकावर माणसं बसलेली असतील.

मी हो म्हणणार.

हे पत्र काही तुम्हाला देणार नाही. भांडायचं असतं तर तोंड होतं मला. पैसे नाहीत म्हणायला फुटत नाही.

धाकटीची अक्का