शराटीचं तळं

११ जुलै
शराटीच्या घरट्यात पिल्लू आहे! एकच. दुसरं अंडं फुकट गेलं. मादी बाजूला सरकली तेव्हा बोडकं डोकं वर आलेलं दिसलं. ओरडून रेथला हाक मारली, तर नवरोबा झाडाला टांगलेल्या झोळीतून उठायला तयार नाहीत. "पिल्लू पक्ष्याचं, बाळंतपण मात्र तुझं चाललंय!" म्हणे. हसू दे. गेल्या वर्षी याच झाडावर उदमांजर चढलं नि घरटं संपलं. यंदा खोडाला गुळगुळीत पत्रा मी स्वतः गुंडाळलाय. हा नुसता खिळे धरून उभा होता.

१९ जुलै
नऊ दिवस थेंब नाही. लावणी झाली की पाऊस मध्ये जरा दम खातो, ते दरवर्षीचंच. पण यंदा फारच लांबवलं त्याने. घरट्याजवळच्या स्वाय नावाच्या तळ्यात मधोमध तेवढं पाणी उरलंय. कडेचा चिखल वाळून टणक. शराटी चोच खुपसतो, ती आत जातच नाही. वीतभर लांब चोच काय कामाची? बेडूक खाली गाडून घेऊन बसलेत.

२३ जुलै
गावातले सेम आजोबा म्हशी घेऊन तळ्यावर आले. मी परतवून लावलं. पक्षी बुजतील ना!
"अगं पोरी, म्हशी लोळल्या तरच चिखल मऊ राहतो. शराटी त्यांच्याच मागे मागे फिरतो. डोळे उघडून बघितलंस कधी?"
"आजोबा, घरट्याची राखण माझ्याकडे आहे. तुमच्याकडे नाही."
फटकन बोलून गेले. ते म्हशी वळवून गेले. रेथ दिवसभर माझ्याशी धड बोलला नाही.

२६ जुलै
नर सकाळी गेला तो दुपारी आला. पिल्लाने त्याच्या घशात चोच घातली नि रिकामीच काढली. परत घातली. परत रिकामी.

२७ जुलै
राहवलं नाही. फावडं घेतलं. आम्ही राखणदारांनी फक्त राखायचं, कशाला हात लावायचा नाही – ठाऊक आहे मला! तळ्याच्या मधोमध कमरेइतका खड्डा खणला. वरची काळी माती इतकी चिवट की तळहाताला फोड आले. मग खाली पिवळी वाळू लागली, काम सोपं झालं. उरलंसुरलं पाणी खड्ड्यात आलं, उकरलेल्या चिखलात बेडूक नि वाम मासे उघडे पडले. तासाभरात नर उतरला. पोटभर खाल्लं. पिल्लाने आज खाल्लं! मी रडले. रेथने भातावर आंबवलेल्या माशांचा प्रहोक जास्त वाढला, म्हणजे स्वारी खूश.

२८ जुलै
आम्हाला राखणीचं काम देणाऱ्या संस्थेचा वुथी पाहणीला आला. ओरडेल वाटलं होतं. उलट माझा खड्ड्याशेजारी फोटो काढला! "फल्लाताई, कमाल केलीत. सगळ्या राखणदारांना सांगतो हे. चांथूताईंकडे तर तीन तळी आहेत." चांथू माझी मामेबहीण, दक्षिणेला दोन कोसांवरचं घरटं तिच्याकडे. दिवसभर पाय जमिनीवर नव्हते.

२९ जुलै
खड्ड्यातलं पाणी वीतभर उतरलं. ऊन फार आहे.

३० जुलै
पाणी नाही. खड्ड्यात नाही, तळ्यात नाही. एका रात्रीत!
सेम आजोबांना बोलवावंच लागलं. त्यांनी वाळूची मूठ उचलली नि माझ्या हातात दिली. "ती काळी माती म्हणजे तळ्याचा तळ होता. तू तो फोडलास. आता कितीही पाऊस पडला तरी इथे पाणी थांबायचं नाही." रागावले असते तर बरं झालं असतं.
वुथीला कळवायला हवं. टेकाडावर गेले, तिथेच फोन लागतो. दोन रेघा होत्या. तरी लावला नाही. परवा तर त्याने फोटो काढला... कोणत्या तोंडाने सांगू?

३१ जुलै
आजही लावला नाही. पिल्लू मान टाकून बसलंय.

१ ऑगस्ट
सकाळी नर दक्षिणेकडे उडाला, थेट चांथूच्या तळ्यांच्या दिशेने. दुपारी परतला तो भरल्या पोटाने! पिल्लाने कितीतरी वेळ खाल्लं, मान वर धरली. चांथूची तळी आहेत म्हणून. देव पावला. आता वुथीला कशाला सांगायचं? आठवड्याने पाहणीला येईल तेव्हा बघू. रेथ म्हणाला, "आजच सांग." मी म्हटलं, "तू गप्प बस."

२ ऑगस्ट
टेकाडावर गेले तर चांथूचा आवाजी निरोप येऊन पडला होता. "अगं ताई, वुथीने तुझा फोटो दाखवला! काल आम्ही सगळ्यांनी मिळून तुझ्यासारखंच खणलं, तिन्ही तळ्यांत. काळी माती फुटता फुटेना, पण फोडलीच. पाणी साचलंय बघ!"