दुहेरी दोरा

बाबा,

डबा ओट्यावर आहे आणि कादंबरी मी घेऊन चालले आहे. होय, तीच! "रिकामटेकड्यांचे उद्योग" म्हणायचं आणि माझ्यामागे गुपचूप वाचायचं, काय? नायिका घर सोडून निघालेल्या नवऱ्याच्या कोटाला बटण लावते, त्या पानावर तुमच्या शिंपीकामाच्या खडूची निळी रेघ सापडली. शेजारी तुमचंच अक्षर: "कायमचा जाणाऱ्याला दुहेरी दोऱ्याने बटण कोण लावतं? हिला तो परत यायला हवाय."

अहो, चार वर्षं मी मुलांना शिकवतेय की ही नायिका मनात "सुटले बुवा" म्हणते! दोरा दुहेरी आहे हे वाचूनही मला दिसलं नाही. आज भर वर्गात सांगणार आहे, "मुलांनो, तुमच्या बाई चुकल्या, शिंपी बरोबर." चार वाजता वाचनालयात या. उरलेली पानं हवी असतील तर यावंच लागेल!

रविवारी मी वेगळी राहायला जाणार म्हणून आठवडाभर तुम्ही माझ्याशी बोलला नाहीत. आत्ता निघताना कोट घातला, तर तुटलेलं बटण जागेवर. मी उलटून पाहिलं, बाबा. दोरा दुहेरी आहे.