पाचचं ॲव्हरेज

अहो,

मी मल्लेश्वरमला अक्काकडे जातेय, मेट्रोने. सारभात झाकून ठेवलाय.

शेजारच्या अंबूबाई जिन्यात परत बोलल्या, "मोठ्या गाडीवाल्यांना मस्ती असते, डिझेल नुसतं ओततात." मी हसून म्हटलं, आमच्या ह्यांचा ॲक्सिलरेटरवर पाय जडच आहे. खोटं बोलले. तुम्ही तर भरलेलं ताट हातात धरल्यासारखी गाडी चालवता. ॲव्हरेज बारावरून तेरावर गेलं की घरी येऊन सांगायचात. रविवारी देवळात जाताना गाडीच्या स्क्रीनवर पाच दिसलं. गाडी एका जागी उभी करून एसी चालवला की असंच होतं ना?

काल जयनगरहून रिक्षाने येताना आपली गाडी दिसली. भर ऑफिसच्या वेळी, पार्कच्या भिंतीलगत, झाडाखाली. काचा बंद, इंजिन चालू, आत तुम्ही एकटेच, मांडीवर मी ऑफिससाठी भरलेला डबा. रिक्षा स्वल्प थांबवली, मग पुढे घ्या म्हटलं. काचेवर टकटक करून काय विचारायचं ते सुचलं नाही. अजूनही सुचत नाही.

उद्यापासून डबा भरणार नाही. घरीच बसून जेवा. पंखा लावते.

वसुमती