एकदाच धरलेला चाकू

प्रिय आबा,

भास्करकाकांनी कलमाची पट्टी सोडली अन् आत बसवलेला मोसंबीचा कोंब फुटायचा डोळा काळा निघाला, तिथंच माझं सगळं फिरलं. एक न्हाई, पन्नासच्या पन्नास कलमं मेली! जिथं तुम्ही वीस वर्षं कलमं बांधली, त्याच हसनाबादच्या रोपवाटिकेत. त्यांच्या कोमलसमोर. तुम्हाला न्हाई तर कोणाला सांगू?

"कॉलेज अर्धं, कलम बी अर्धं! अन् माझी पोरगी मागतो?" काका म्हणले. बाया हसल्या. मी एक रोप उपटून फेकलं. कोमलनंच मला गेटाबाहेर काढलं.

"आबांचा पोरगा म्हणून बापानं आणखी एक खेप दिलीय. बुधवारी ये. पट्टी सुटेस्तोवर मला बघायला येणाऱ्या जालन्याच्या पाहुण्यांना थोपवते. पण ओरडलास ना, तर मी बी न्हाई!"

आज बुधवार आहे.

तुमचे चाळीस व्हिडिओ आहेत माझ्याकडं. खालच्या रोपाच्या खुंटाला चीर द्यायची, साल उचलायची, डोळा सरकवायचा, पट्टी बांधायची. सगळं तोंडपाठ! मंग हात का अडतो?

"बघून न्हाई येत रे, करून येतं." किती वेळा म्हणलात! अन् मी? "मी काय मजूर हाय का?" म्हणून तुमचा चाकू मातीत भिरकावला. तुम्ही उचलला, पायजम्याला पुसला, खिशात ठेवला. एक थापड तरी मारायची होती, आबा!

त्याच्या जरा आधी माझ्या हातावर हात ठेवून तुम्ही काडीवरचा एक डोळा काढायला लावल्ता. एकच. माझं लक्ष कोमलच्या मेसेजात.

आज सकाळी फोन बंद केला. अंगणातल्या लिंबाची काडी घेतली, डोळे मिटून चाकू चालवला. अंगठा आपोआप आडवा झाला अन् बोटांनी पानाचा देठ धरला. देठ! मंग तुमचा आवाज आला, "डोळ्याच्या पोटाला, आतल्या ओल्या बाजूला, बोट लावू न्हको. घाम लागला की मेला."

मागच्या खेपेला मी सगळे डोळे पोटालाच धरल्ते. व्हिडिओत ते दिसतच न्हाई, तुमचा पंजा आडवा येतो. एकदाच केलेलं, तेही चिडून. कुठं राह्यलं होतं इतके दिवस?

पण पन्नास वेळा जमेल? काका खिजवतील. रागानं पुन्हा चाकू भिरकावला तर?

शब्द देतो, आबा. कोणी काही म्हणो, चाकू खाली ठेवणार न्हाई. एकवीस दिवसांनी पट्ट्याही मीच सोडीन. काळं निघो की हिरवं, पळणार न्हाई.

फोन तुमच्या हार घातलेल्या फोटोपाशी ठेवलाय. चाकू खिशात आहे. निघालो, दार ओढून घेतो.

तुमचा,
गणेश