बाबांच्या मापाची खुर्ची

दुम्यात, ता. ६ फेब्रुवारी

ती. वगीदाताईस, बद्रीचा शि. सा. सलाम.

पत्राला उशीर झाला. दिवसभर दुसऱ्यांच्या खुर्च्यांत स्पंज भरतो आणि स्वतः उलट्या खोक्यावर बसतो; कंबर गेलीय. या गावात टिकावं की पळावं तेच कळत नाही. ते राहू दे.

बाबांची काळजी वाटते. कापसाच्या कारखान्यातली धूळ छातीत बसली ती बसलीच. आडवं झालं की दम लागतो, म्हणून भिंतीला टेकून झोपतात आणि तू उठून उठून मानेखाली उशी सरकवतेस. पुढच्या महिन्यात तू सासरी गेलीस की उशी कोण सरकवणार? म्हणून मालकाला विचारून सुट्टीच्या दिवशी मागे रेलणारी, पाय उचलून धरणारी खुर्ची बनवतोय. मापं पाठव: जमिनीपासून गुडघा, बैठकीपासून मान. कापडाचा रंगही विचार, पण बाबांचा. लग्न तुझं आहे, खुर्ची नाही.

लोभ आहेच, तो आटू देऊ नकोस.
तुझा बद्री

बनी मझार, ता. १७ फेब्रुवारी

चि. बद्रीस, अ. उ. दुवा.

सोबत दोरी आहे. पहिली गाठ गुडघ्याची, दुसरी मानेची. बाबा डुलक्या घेत होते तेव्हाच मापलं; जागेपणी त्यांनी मापू दिलं नसतं. म्हणतात, रेलून बसायला मी काय पाशा आहे? मग अर्ध्या तासाने हळूच म्हणाले, तपकिरी घे म्हणावं, चहा सांडला तरी दिसत नाही.

मीही थकले रे. रोज कुणीतरी लग्नाचं सामान बघायला येतं. तुमच्याकडून पलंग-कपाट कधी निघतंय? आणि तू जेवतोस ना, की नुसताच चिडतोस?

माया ठेव.
वगीदा

दुम्यात, ता. १२ मार्च

ती. ताईस, शि. सा. सलाम.

तुझा पलंग, कपाट, आरसा आज ट्रकवर चढले. बाबांची खुर्चीही त्यातच टाकली, गोधडीत गुंडाळून. उजवीकडचा दांडा मागे ओढायचा, जोर लावायचा नाही. मानेची उशी शिवूनच दिलीय. तुझ्या जागी तीच.

लग्नाला सुट्टी मिळाली नाही. सगळ्या मुलखाची लग्नं याच महिन्यात आहेत, आणि सगळ्यांना खुर्च्या हव्यात. रागावलीस तरी पत्र टाकत जा.
बद्री

बनी मझार, ता. ३ एप्रिल

चि. बद्रीस, अ. उ. दुवा.

रागावलेच होते. तुझा ट्रक आपल्या दारात थांबलाच नाही. ढोलवाल्यांनी वेशीवरच गाठला आणि वाजतगाजत थेट सासरी नेला. गल्लीसमोर एकेक वस्तू उतरली, माझ्या सामानाच्या यादीत चढली, खाली माझ्या नवऱ्याने सही केली. त्यात खुर्चीही. मी सांगायला निघाले तर बाबांनी मनगट धरलं. म्हणाले, "दिलेलं परत नेलं, असं तुला जन्मभर कुणी ऐकवायला नको." घरी जाऊन भिंतीला टेकले.

इथे खुर्ची बैठकीत, प्लास्टिकसकट. फक्त पाहुण्यांसाठी, आम्ही बोटही लावायचं नाही. लग्नानंतर सातव्या दिवशी बाबा रिवाजाप्रमाणे लेकीसाठी रांधलेली कबुतरं घेऊन आले आणि दाराशीच स्टुलावर टेकले. सासूबाई तोंडाच्या फटकळ. व्याह्याला स्टुलावर बसवलं तर गाव आमच्या तोंडात शेण घालेल, म्हणाल्या, आणि स्वतःच प्लास्टिक फाडलं. मी दांडा ओढला. चहा यायच्या आत बाबा झोपले, ते संध्याकाळच्या मगरिबच्या अजानपर्यंत. मान बरोबर उशीवर होती.

आता रोज दुपारी सासूबाईंचा निरोप जातो, व्याहीबुवांचा चहा निवतोय. बाबा लाजतात, नको म्हणतात, आणि येतात. रात्री मात्र भिंतच. काल त्यांनी विचारलं, आपला बद्री कशावर बसतो?

तुझी
वगीदा

दुम्यात, ता. १४ एप्रिल

ती. ताईस, शि. सा. सलाम.

बाबांना सांग, तसल्याच खुर्चीवर बसतो. खोटं नाही. प्रत्येक खुर्ची बाहेर पडण्याआधी दांडा तपासायला मिनिटभर मलाच रेलावं लागतं. काल त्या मिनिटात डोळा लागला. मुकादम हलवून म्हणाला, उठा पाशा.

रात्रीसाठी दुसरी करतोय. दोरी जपून ठेवलीय. या वेळी ट्रक नको. गाडीच्या टपाला बांधून मीच आणतो, गावात कुणाचं लग्न नसेल असा दिवस बघून कळव.

तोवर बाबांची दुपार सांभाळ.
तुझा बद्री